देवीच्या कुंडातला भात

बाई, काल सगळ्यात आधी आली ती माझी धाकटी जाव. नातीच्या शाळेची पोरं यायची होती दहाला आणि ही नवाच्या आतच दारात उभी, लग्नाकार्याला नेसते ती जांभळी साडी नेसून, केसात गजरा, जसे काय पाहुणे तिच्याच घरी येणार होते. मी तेव्हा खळं सारवत होते, कोपरापर्यंत शेण. मला बघून म्हणते, "वयनी, तू अजून अशीच हाय? शाळेची मान्सं येतील ना आता." मी म्हटलं, "पोरं यायचीत गो, कलेक्टर न्हाय." तर म्हणते, "फोटो काढतील. फोटोत शेणाचे हात दाखवशील काय? नि ती कणगी तरी चादर लावून झाक. गावात सगल्यांनी काढून टाकल्या, एक तुझीच ऱ्हायली." आता हिला काय सांगायचं, की ती कणगी बघायलाच पोरं गाडी करून येत होती! माणसाहून उंच, बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली, आत वर्षाचं भात. सुनेच्या फ्रिजच्या बाजूला उभी असते. सून आपला फ्रिजच थोडा सरकवून घेते.

तुम्ही वर्गात म्हणायचात, एक टोक धर आणि मग बोल. धरते. हे मी नातीच्या गेल्या वर्षीच्या वहीत लिहितेय, मागची पानं कोरी राहिली होती. अक्षर चौथी अर्धी सोडलेल्या बाईचं आहे, सांभाळून घ्या. तुम्ही गेलात हेसुद्धा मला फार उशिरा कळलं, पडघ्याच्या बाजारात वांगी निवडताना. कोणीतरी बोलता बोलता म्हणालं, त्या शाळेच्या बाई वारल्या की कधीच. मी वांगी तशीच ठेवून एसटीत बसले. घरी आल्यावर लक्षात आलं की पिशवीही तिथेच राहिली. पण हे टोक सुटलं बघा.

तर माझी नात तिसरीत आहे, भिवंडीच्या शाळेत, पिवळ्या बसने जाते. आपल्या वेळेला वर्षाला एक झेंडावंदन आणि एक सहल, संपलं. हिच्या शाळेत एक महिना रिकामा जात नाही. झाडाचा दिवस, राख्यांचा दिवस, आजी-आजोबांचा दिवस, वेशभूषा, खेळ. मला तर भारी हौस, मी सगळ्याला जाते, पुढच्या खुर्चीवर बसते. पण प्रत्येक कार्यक्रमाच्या सकाळी हिच्या पोटात दुखतं. सोंग नाही हो, ओठ पांढरे पडतात. वेशभूषेला तिला पोस्टमन केली होती. पिशवी मी शिवली, आलेल्या लग्नपत्रिकांची पाकिटं त्यात भरली. स्टेजवर गेली, "मी" म्हणाली, आणि पुढचं आलंच नाही. सगळी पाकिटं तिथेच ओतली आणि पळाली. खेळाच्या दिवशी लिंबू-चमचा. पोरं धावली, लिंबं घरंगळली, कोण पहिला कोण दुसरा ते ठरलं, टाळ्या झाल्या, शिपाई दोऱ्या गुंडाळायला लागला, तरी ही बाई अजून चालतेच आहे, डोळे लिंबावर. शेवटी पोचली. पण बाई, पहिल्या आलेल्याचंसुद्धा लिंबू दोनदा पडलं होतं आणि हिचं एकदाही नाही! मी उभी राहून टाळ्या वाजवल्या, "माझी नात हाय ती!" म्हणून ओरडले. ती माझ्याकडे न बघता बसमध्ये जाऊन बसली. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

नाही कळलं. दिवाळीच्या आधी पालकांची मीटिंग होती, पोरं पुढे बाकांवर, आम्ही मागे. मॅडम नवी आहे, पोरगेलीच, पण गोड. म्हणाली, तांदूळ कुठून येतो ते पोरांना शेतावर नेऊन दाखवायचंय, कोणाची शेती आहे का? कोणी बोलेना. बहुतेक लूमवाले, कापड विणणारे, कोणी हापिसातले. माझी नात मान खाली घालून बसलेली. आणि मी? माझं तोंड म्हणजे सताड उघडं दार. म्हटलं, "आमची हाय ना! चारी बाजूंनी गोदामं झाली, पण एक तुकडा हाय. या सगली! आमची पोर दाखवील, तिला सगलं येतंय, लोंबी बघून भाताची जात सांगते ती." सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. मला मागून तिची मान दिसली, दोन वेण्यांच्या मधली. ती मान माझ्या ओळखीची होती, बाई. रिक्षात म्हणाली, "का सांगितलंस?" म्हटलं, "अगं, कौतुक केलं तुझं." म्हणाली, "मला नको कौतुक." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पाणी मागायचं तरी आईकडे.

आणि तिसऱ्या दिवशी दप्तर झटकताना तळाशी एक चोळामोळा कागद सापडला. उलगडला. वर्गाची सहल, वज्रेश्वरी, पालकाची सही. सही घेतलेलीच नव्हती. वज्रेश्वरी हा शब्द वाचून मी तिथेच उंबऱ्यावर बसले. मुलगा म्हणाला, "नसेल जायचं तर नको जाऊ दे, जबरदस्ती कशाला?" सून म्हणाली, पुढच्या वर्षी जाईल. त्यांचंही बरोबर. पण मी तो कागद फेकू दिला नाही, परत दप्तरात ठेवला. कारण हे कसं होतं ते मला माहीत आहे. आधी एक सहल सुटते. मग एक कार्यक्रम. मग एक सोमवार. मग शाळा तिथेच असते, पोर इथे असते, आणि मधला रस्ता रोज थोडा थोडा लांब होत जातो.

असो. काल दहाला हॉर्न वाजला. बस आमच्या रस्त्याला वळली आणि सकाळी आठपासून गणवेश घालून बसलेली माझी नात गायब. चाळीस पोरं तोंडावर बोट ठेवून रांगेने उतरली. उतरताच बोटं सुटली आणि काय तो कालवा! "दादी, ये घास है?" "दादी, चावल पेड पे लगता है क्या?" एकाने तर विळा बघून विचारलं, "इससे केक काटते है?" मी इतकी हसले की पदर तोंडात धरला. मला भीती होती, माझं हाय-न्हाय ऐकून पोरं हसतील. पण त्यांना कुठे काय, मी अर्धं हिंदी अर्धं आमचं बोलत होते, तीही तसंच बोलत होती. मी फळीवर पेंढ्या झोडून दाखवल्या, सूप धरून पाखडलं, उखळात मूठभर भात कांडून टरफल कसं निघतं ते दाखवलं. एक पोरगा म्हणाला, "मेरे अब्बू का कामतघर में लूम है, वो भी ऐसे ही खट खट करता है." म्हटलं, "ये दादी का लूम है, बेटा."

पण मॅडमने विचारलंच, "आपली मैत्रीण कुठे आहे?" की झाली आमची जाव सुरू, अंगणाच्या मधोमध उभी राहून, "अगं ए, ये ना भायेर! सगली तुझी वाट बघतायत!" मी म्हटलं, "ती पोरांसाठी पाणी भरतेय, तू गप," आणि दुसरं सूप आणायच्या निमित्ताने आत गेले. कुठे शोधायचं ते मला कोणी सांगायला नको होतं. फ्रिज आणि कणगी यांच्यामधल्या सांदीत एक पांढरा मोजा दिसत होता. मी हाक मारली नाही. वाकूनही बघितलं नाही. फ्रिजशी बोलावं तसं म्हटलं, "तांदळाच्या पिठाची बोरं तळून डब्यात ठेवलीत, गुळाची. पोरांना द्यायचीत. डबा मला म्हातारीला उचलवत नाही." मोजा हलला नाही. मी बाहेर आले.

बाहेर येते तर मॅडम टाळी वाजवून म्हणतेय, "चला, आता आजी आपल्याला कणगी दाखवणार!" चाळीस पोरं उंबऱ्याकडे निघाली. आत शिरली असती तर पहिल्यांदा कणगी बघितली असती आणि मग मोजा. मी दारात आडवी उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला. तोंडातून निघालं, "थांबा! आधी गोष्ट. तुम्ही वज्रेश्वरीला जाणार ना? मी पण गेली होती, तुमच्याएवढी होती तेव्हा. बैठो, बैठो सब."

बाई, मी त्यांना आपली सहल सांगितली. इतक्या वर्षांत घरातही कोणाला सांगितली नव्हती. आपण चालत निघालोय, पहाटेचं दव, तुम्ही पुढे, हातात छत्री मिटलेली. सगळ्यांच्या फडक्यात भाकरी, कोणाची सुकटीची चटणी, कोणाचा कांदा. माझ्या फडक्यात दोन मुठी कच्चे तांदूळ आणि मिठाचा खडा. माझ्या आजीने सांगितलं होतं, तिथे देवीच्या कुंडात पाणी उकळतं, पोटली सोड, भात शिजतो, उगाच भाकरीचं ओझं कशाला? आजी कधी तिथे गेली नव्हती, पण आजीचं कोण खोटं मानेल? सगळे कुंडात पाय सोडून बसलेत, आणि मी कोपऱ्यात सुतळीला पोटली बांधून धरून बसलेय. पाणी चटका देतंय पण बुडबुडे नाहीत. मी म्हणते, थोडं थांबलं पाहिजे. जेवायची वेळ होते. सगळे फडकी सोडून बसतात. मी अजून सुतळी धरून. मग कोणीतरी बघतो, पोटली वर ओढतो, उघडतो, आणि जो हशा होतो, बाई, तो मला अजून ऐकू येतो.

पोरंही हसली. त्यांनी हसावं म्हणूनच सांगत होते. मग एकाने विचारलं, "दादी, फिर खाया क्या?" मी म्हटलं, "आमच्या बाई उठल्या, पोटलीतले चार दाणे घेतले आणि खाल्ले. कच्चेच. म्हणाल्या, छान भिजलेत, जरा चावायला लागतात एवढंच. नि त्यांची पोळी-भाजी अर्धी मला दिली." एकजण पुढे सरकला. "टीचर ने कच्चा चावल खाया?" "हां. कडकड वाजवून." मग एक चष्मेवाली मुलगी, ती नक्की पुढे वकील होणार, म्हणाली, "फिर आप आगे पढ़ी क्यों नहीं?" मी नेहमीचं उत्तर दिलं. "हमारे बाप ने निकाला. घर में काम था, बेटा."

तेवढ्यात माझ्या हाताखालून कोणीतरी बाहेर आलं. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला, वर पाण्याची बाटली. खांद्याला कणगीचं लिंपण लागलेलं. ती पायरी उतरली, आणि एकेकाच्या हातावर दोन दोन बोरं ठेवायला लागली, तशीच, लिंबू-चमच्यासारखी, सावकाश, एकही न सांडता. मी तिच्याकडे बघितलं नाही. जाव तोंड उघडायला लागली तर तिच्या पायावर पाय दिला. मी बघितलं असतं तर चाळीस डोकी वळली असती. मी आभाळाकडे बघून म्हटलं, "चला आता, कणगी बघा." पोरं आत धावली. सांदीत कोणी नव्हतं.

जाताना त्या लूमवाल्या पोराने काढलं, "मॅडम, हम भी चावल लेके जायेंगे, पोटली बना के!" सगळे लागले ओरडायला. मॅडम म्हणाली, "बरं, एकेक मूठ आणा. मी थर्मामीटर आणते. बघू, देवीचं कुंड किती गरम आहे ते." मग माझ्याकडे वळली, "आजी, पोटली कशी बांधायची ते तुम्हीच दाखवा. तुम्हीही चला आमच्याबरोबर. बस इकडून वळवून नेऊ, तुम्हा दोघींना दारातून घेऊ." दोघींना म्हणाली. मी नातीकडे बघितलं नाही.

बस गेली. जावेने विचारलं, "फोटोत मी आली ना गो?" आली असणार, सगळ्यांत ती जांभळी साडीच पुढे होती. ती घरी गेल्यावर नातीने दप्तरातून तो कागद आणला. मांडीवर हाताने सरळ केला, पुन्हा पुन्हा. "आजी, तू सही कर." म्हटलं, बापाची लागते. म्हणाली, "पालक लिहिलंय. तू पण पालकच आहेस." मी सही केली. मला माझ्या नावाची पाच अक्षरं लिहायला किती वेळ लागतो! ती खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होती. सही संपल्यावर म्हणाली, "तुला खरंच तुझ्या बाबांनी शाळेतून काढलं?" मी म्हटलं, "हो ना, सांगितलं ना मघाशी." ती बरं म्हणून खेळायला गेली. आणि आज मी ही वही घेतली.

आपल्या त्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यावर लिहिलंत, पाणी केव्हा उकळतं? आणि मला उभं केलंत. म्हणालात, "बाकी सगळे ऐकून गप्प बसतात. हिने काल करून पाहिलं. ह्याला प्रयोग म्हणतात." तुम्ही कौतुकच केलंत, बाई. मला आता कळतं, त्या वर्गात एवढं चांगलं कोणाबद्दल तुम्ही बोलला नव्हतात. पण सगळी डोकी वळली, आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "शिजला काय गो भात?" सोमवारी मी आयेला म्हटलं, पोटात दुखतं. मंगळवारीही दुखलं.

आठ दिवसांनी तुम्ही बांधावरून चालत आमच्या घरी आलात, चपला हातात घेऊन. आयेने हाक मारली, "ये गो भायेर, बाई आल्यात." बाप म्हणाला, "शिकू दे तिला, बाई. मी कुठे न्हाय म्हणतोय?" हे त्याचे शब्द, बाई, हेच. मी कणगीमागे होते. तुम्ही शोधायला आत आला नाहीत. उठताना मोठ्याने म्हणालात, कणगीलाही ऐकू जाईल असं, "असू दे. मी शनिवारी परत येते." शनिवारी आलात. मी तिथेच होते. कणगी आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून तुमचे पाय दिसत होते, आधी चिखलाचे, मग आयेने दिलेल्या पाण्याने धुतलेले. तुम्ही बराच वेळ बसलात, कोरा चहा घेतलात, आणि मी तुमच्या पायांकडे बघत होते. मला कोणी कोंडलं नव्हतं. मधे दोन पावलं होती. नंतर शेणाला जा, पाण्याला जा, लहान भावाला सांभाळ, असं होत गेलं आणि मला बरंच वाटलं. पुढे कोणी विचारलं की मी बापाचं नाव सांगायचे. तो होता तेव्हाही सांगायचे, तोही ऐकून घ्यायचा, एकदासुद्धा नाही म्हणाला नाही.

हे तुम्हाला पाठवायचं कुठे? नातीला सांगायला पाहिजे, ते कळतं. पण ती विचारील, तू शनिवारी तरी बाहेर का आली नाहीस? तांदूळ मात्र निवडून ठेवलेत, दोन मुठी, आणि जुन्या साडीची दोन फडकी फाडलीत. नात सकाळपासून पोटाचं काही म्हणाली नाही. खरं सांगू का, बाई, आज माझ्याच पोटात दुखतंय.

जाताना मॅडमने खिडकीतून हात काढून सांगितलं होतं, "आजी, आम्ही परत येतो." शुक्रवारी. सकाळी सातला, दारात.